सातू, देवी आणि कोठार : भायखळ्याहून घोड नदीपर्यंत

भायखळ्याच्या मंडईत पहाटे उतरणारा माल पाहिला की निम्मा पुणे आणि नगर जिल्हा डोळ्यांसमोर येतो. ओतूरचा कांदा, मंचरचा बटाटा, नारायणगावचा टोमॅटो, संगमनेरकडची पालेभाजी. घाऊक व्यापार वाशीला गेला त्याला कित्येक वर्षं झाली, पण इथली उतार अजून पुरती थांबलेली नाही. या मालामागे चार नद्या आहेत : मीना, कुकडी, घोड आणि प्रवरा. मीना-कुकडीचं पाणी शेवटी घोडेलाच जातं, घोड भीमेला आणि प्रवरा गोदावरीला. याच खोऱ्यांत साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या शेतकऱ्यांनी गावं वसवली. आमच्या शाळेत मात्र नदीकाठची संस्कृती म्हणजे नाईल, युफ्रेटिस, तैग्रिस आणि सिंधू. प्रवरा होती ती भूगोलाच्या तासाला, धरणांच्या यादीत.

ती कसर भरून काढायची म्हणून भायखळ्याहून प्रवरेकाठचं दायमाबाद आणि घोडेकाठचं इनामगाव, अशी ही जुनी गावं पाहण्याचा बेत आखला. सोबतीला एक जुना मित्र, त्याचीच गाडी. पण निघण्याआधी मुंबईतल्याच दोन जागा बघून घ्याव्यात असं ठरलं, कारण नदीखोऱ्यांच्या इतिहासाचे काही धागे भायखळ्यातच आहेत.

पहिली जागा राणीची बाग. पेंग्विन बघायला लोटलेली गर्दी बाजूला सारून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे वळलं की बाहेर डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा दिसतो. हे ससून मूळचे बगदादचे, म्हणजे तैग्रिसच्या काठचे. १८३० च्या दशकात ते मुंबईत आले, गब्बर झाले आणि भायखळ्यात राहिले. इथलं मागेन डेव्हिड सिनेगॉगही त्यांनीच बांधवलं. ते मुंबईत स्थिरावत होते त्याच सुमारास, १८४५ पासून, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लेयार्ड तैग्रिसच्या काठी निमरुद खणत होता. तिथल्या असिरियन राजवाड्यांच्या भिंतींवरची शिल्पं नदीतून बसऱ्याला आणि तिथून जहाजानं मुंबईमार्गे इंग्लंडला जात. त्यातली काही मुंबईतच राहिली. आज ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

दुसरा धागा खुद्द भाऊ दाजींचा. आपल्याला ते डॉक्टर म्हणून, कुष्ठरोगावरच्या औषधाच्या शोधासाठी आणि या संग्रहालयाच्या उभारणीसाठी माहीत असतात. (ही इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. त्यांचं नाव मात्र तिला मिळालं १९७५ मध्ये.) पण गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या रुद्रदामनाच्या शिलालेखाचं सुधारित वाचन आणि भाषांतर त्यांनी १८६० च्या दशकात प्रसिद्ध केलं होतं. तो लेख आहे एका धरणाबद्दल. चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्यानं सुदर्शन नावाचा तलाव बांधला, अशोकाच्या काळात त्याला कालवे काढले गेले, पुढे इ.स. १५० च्या सुमारास वादळात बांध फुटला आणि रुद्रदामनानं तो पुन्हा बांधला. राजा आवर्जून सांगतो की या कामासाठी प्रजेवर कर बसवला नाही, वेठबिगार लादली नाही, खर्च स्वतःच्या खजिन्यातून केला. बांध फुटला की राज्यकर्त्याला जाब द्यावा लागतो, हे अठराशे वर्षांपूर्वीही खरं होतं. पाणी आणि राज्य यांचं नातं इतक्या उघडपणे सांगणारे आपल्याकडचे जुने लेख थोडेच आहेत.

मग लोकल पकडून दुसरी जागा : तेच वस्तुसंग्रहालय. दायमाबादला जाण्याआधी तिथले कांस्याचे प्राणी पाहणं भागच आहे, कारण दायमाबादला ते नाहीत. १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार वस्तू सापडल्या : दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त, सगळं ओतकाम भरीव. रथ दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात गेला, तिन्ही प्राणी मुंबईत राहिले. रेड्याच्या बैठकीला चार भरीव चाकं आहेत. गेंड्यालाही आहेत, हत्तीची हरवली. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो पैशांचा. तांबं दुर्मीळ असलेल्या प्रदेशात इतका धातू एका जागी गोळा करण्याची ऐपत कुणाची होती? दुसरा प्रश्न चाकांचा. खेळणं म्हणावं तर फार जड. मिरवणुकीत ओढत नेण्याचे देवाचे प्राणी असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तो पटण्यासारखा आहे, पण पुरावा नाही.

त्यांच्या वयाबद्दलही वाद आहे. वस्तू उत्खननाच्या थरात सापडल्या नाहीत, शेतकऱ्याच्या कुदळीखाली सापडल्या. त्यामुळे एस. आर. राव, मधुकर ढवळीकर यांसारखे विद्वान त्यांना उत्तर-हडप्पा काळातल्या मानतात, तर धर्मपाल अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकचं प्रमाण पाहून शंका घेतली. मला स्वतःला तो रेडा हडप्पाच्या मुद्रांवरच्या प्राण्यांचा भाऊबंद वाटतो. हे मत तज्ज्ञाचं नाही, प्रेक्षकाचं आहे.

सिंधूचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. मोहेंजोदडो हे मुंबई इलाख्यातलं स्थळ होतं. सिंध १९३६ पर्यंत मुंबईलाच जोडलेला होता आणि १९२२ मध्ये तिथं खणायला लागलेले राखालदास बॅनर्जी पुरातत्त्व खात्याच्या पुण्याच्या पश्चिम मंडळाचे प्रमुख होते. त्यांच्या दहा वर्षं आधी देवदत्त भांडारकरांनी ती जागा पाहिली होती आणि विटा फार जुन्या नाहीत, फारतर दोनशे वर्षांच्या, असा निर्वाळा देऊन ते परतले होते.

पहाटे भायखळ्याहून निघालो. कल्याण, मुरबाड आणि मग माळशेज. घाट चढताना दक्षिणेला नाणेघाटाचा डोंगर आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञांत दिलेल्या गाई-घोड्यांचा आणि नाण्यांचा हिशेब आहे आणि वाटेवर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. सह्याद्रीच्या या बाजूला लेख, नाणी आणि जकात असलेलं राज्य दिसतं ते तेव्हा, इसवी सनाच्या आसपास. आम्ही निघालो होतो त्याच्या हजार-दीड हजार वर्षं मागे.

घाटमाथा ओलांडला की दर दहा-वीस किलोमीटरला पाऊस कमी होत जातो. माळशेजला ढगांत गाडीचे दिवे लावावे लागतात, तर आळेफाट्यापुढे बोरी-बाभळी सुरू होतात. हे पर्जन्यछायेचं दख्खन समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. नाईलचा पूर दरवर्षी मोठ्या पट्ट्यावर मऊ गाळ पसरून जाई, सिंधूचंही तसंच. इथल्या नद्या खोल दरडींतून वाहतात. गाळाची पट्टी काठालगत, अरुंद. तिच्यापलीकडे काळी रेगूर माती : भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. लाकडाच्या किंवा हाडाच्या अवजारानं ती फार मोठ्या रानात नांगरता येत नाही, त्यासाठी लोखंड हवं. आणि लोखंड तर अजून यायचं होतं.

संगमनेरला चहा घेतला आणि प्रवरेच्या कडेकडेनं पूर्वेला निघालो. थोड्याच अंतरावर जोर्वे लागतं. बाहेरून पाहता इतर कुठल्याही गावासारखं गाव, पण पुरातत्त्वाच्या पुस्तकांत त्याचं नाव जगभर गेलंय. हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी १९५०-५१ मध्ये इथं खणलं, तेव्हा लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, लांब तोटीची, खणखणीत भाजलेली भांडी मिळाली. तशीच भांडी नंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडत गेली आणि त्या सगळ्या लोकांच्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. काळ साधारण इ.स.पू. १४०० पासून पुढचा.

पुढे लोणी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये उभा केलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना रस्त्यावरूनच दिसतो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, पाटाचं पाणी आलं, उसाचं पीक आलं, कारखाना आला आणि कारखान्यामागून राजकारण आलं. पाणी ताब्यात येणं, पीक साठणं आणि सत्ता उभी राहणं हा क्रम प्रवरेनं एका शतकात पुन्हा करून दाखवला. देवळांचे जीर्णोद्धार कुणाच्या देणगीतून झाले, हे त्या त्या देवळाच्या फरशीवर कोरलेलंच असतं.

दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर, लाडगावजवळ. १९५८ मध्ये बोपर्डीकरांनी ही जागा शोधली, मधुसूदन नरहर देशपांडे यांनी पहिलं उत्खनन केलं, नंतर राव आणि १९७५ ते १९७९ मध्ये एस. ए. साळी. टेकाडात माणसाच्या वस्तीचा सुमारे पाच मीटर जाडीचा थर निघाला : खाली सावळदा, त्यावर उत्तर-हडप्पा, मग दायमाबादची स्वतःची संस्कृती, माळवा आणि सगळ्यांत वर जोर्वे. बाराशे-तेराशे वर्षांची वस्ती, इ.स.पू. १००० च्या सुमारास संपलेली.

आज दिसतो तो उंचवटा, आजूबाजूला ऊस आणि पायाखाली खापरं. आम्ही बांधावर उभे राहिलेले पाहून एक वयस्कर शेतकरी आले.

“सरकारी मानसं का तुम्ही?”

“नाही काका, मुंबईहून आलोय. जुनं गाव बघायला.”

“मग काय बघनार? वरती खापऱ्या, खाली काय ते सरकारला ठाव.” मग मित्राकडे वळून म्हणाले, “तो बैलगाडीवाला पुतळा सापडला ना, तो दिल्लीला नेला. आमच्याकडं फोटोबी नाय.”

गप्पा लगेच पाण्यावर आल्या. आवर्तन कधी सुटणार, पाटकरी शेवटच्या चारीला पाणी पोचू देतो की नाही, सात नंबरचा फॉर्म भरून मंजुरी किती एकराला मिळाली. वरच्या अंगाला आणि टेलला असलेल्यांमधलं हे भांडण कालव्याइतकंच जुनं असतं. पाणी वाटणारा कुणीतरी लागतो आणि जो पाणी वाटतो त्याचं सगळ्यांना ऐकावं लागतं. राज्यसंस्थेच्या उगमाविषयी जाड ग्रंथ आहेत, त्यांतला बराच भाग काकांनी दहा मिनिटांत सांगून टाकला.

उत्तर-हडप्पा थरात इथं मातीच्या बटणासारख्या दोन मुद्रा मिळाल्या, त्यांवर सिंधू लिपीची चिन्हं. काही खापरांवरही तशीच चिन्हं. सिंधूची लिपी दक्षिणेला इतक्या दूर पोचलेली दुसरीकडे क्वचितच दिसते. म्हणजे गुजरात-खानदेशातून लोक, किंवा निदान त्यांचं कसब, प्रवरेपर्यंत आलं. पण मोहेंजोदडोसारखं शहर इथं झालं नाही. लिपीही टिकली नाही. चार-पाचशे वर्षांत पुन्हा कुडाच्या भिंती, शेणामातीची जमीन आणि गवताचं छप्पर. माळवा आणि जोर्वे थरांत साळींना अग्निकुंडं आणि पूजास्थानासारख्या रचना मिळाल्या. त्यांचा अर्थ कसा लावायचा, यावर एकमत नाही.

मुक्काम श्रीरामपुरात केला आणि दुसऱ्या दिवशी नगर, सुपे, शिरूर. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. तिथून न्हावऱ्याच्या दिशेनं इनामगाव. नदीपलीकडे श्रीगोंदा तालुका. इनामगावचं वैशिष्ट्य असं की इथं जवळपास आख्खं गाव समजलं. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत इथं खणलं. एखादा खड्डा घेऊन भांडी मोजण्याऐवजी त्यांनी घरामागून घर उघडलं. शंभराहून अधिक घरं. ढवळीकरांचा ‘फर्स्ट फार्मर्स ऑफ द डेक्कन’ हा ग्रंथ (१९८८) याच कामातून झाला.

काय दिसलं? इ.स.पू. १६०० च्या सुमारास वस्ती सुरू झाली. मुख्य पीक सातू. जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. रानातली बोरंही खात. गाईगुरांची हाडं सर्वांत जास्त आणि त्यांवर कापल्याच्या खुणा. रब्बीला पाणी हवं म्हणून त्यांनी नदीच्या पुराचं पाणी वळवणारा पाट काढला आणि त्याला दगडमातीचा दोनशे मीटरांहून लांब बांध घातला. हे एका घरचं काम नव्हे. कुणीतरी ठरवलं, कुणीतरी माणसं बोलावली, कुणाचं पाणी आधी हेही कुणीतरी सांगितलं.

तो ‘कुणीतरी’ ढवळीकरांना सापडला असावा. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर होतं, बाकीच्यांची एका-दोन खोल्यांची. या घराला लागून धान्याचं कोठार : बळदं आणि कणग्या ठेवायचे गोल ओटे. आणि अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, फुगीर पोटाचा रांजण. त्यात चाळिशीतला एक पुरुष बसवून पुरलेला. इनामगावात मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालून पाय तोडण्याची रीत होती. मेलेला उठून चालत जाऊ नये यासाठी, असा अंदाज आहे. या माणसाचे पाय मात्र शाबूत. गावात कुंभार, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंताचे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत आणि बागायतदार मध्यभागी. पांढरीतलं घर कुणाचं आणि गावकुसाशी कोण, याचा हिशेब तेव्हाच सुरू झालेला दिसतो. ते वाचून अभिमान वाटत नाही.

याच काळात युफ्रेटिसकाठच्या उरुकमध्ये काय होतं? तिथं दीड-दोन हजार वर्षं आधीच देवळाची कोठारं होती आणि मातीच्या पाट्यांवर लिहिल्या गेलेल्या सुरुवातीच्या मजकुरात सातूचे, गुरांचे आणि मजुरांच्या शिध्याचे हिशेब होते. धान्य तेच. पण युफ्रेटिसकाठी त्याच्या राशी इतक्या झाल्या की मोजायला लेखनिक लागले, लेखनिकांवर पुरोहित आणि पुरोहितांवर राजा. घोडेकाठचं पीक एका नाईकाच्या डोक्यात मावत होतं. म्हणून इथं लिपी झाली नाही, राजवाडा झाला नाही. याला मागासपण म्हणणं मला चुकीचं वाटतं. जेवढं पाणी, तेवढंच राज्य.

धर्म तर घराच्या जमिनीखालीच होता. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ते ठेवत आणि घरातच, जमिनीखाली पुरत. सापडलेल्या दफनांत बहुतेक अशी मुलंच आहेत. एका घरात कच्च्या मातीची झाकणाची पेटी निघाली. तिच्यात बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, झाकणावर डोकं असलेली दुसरी मूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला आणि बिनडोक्याच्या मूर्तीला भोक आहे, काडी घातली की देवी बैलावर बसते. काळ इ.स.पू. १३०० च्या आसपास. रा. चिं. ढेरे यांचं बिनडोक्याच्या देवीवरचं ‘लज्जागौरी’ वाचलेल्याला इथं लगेच ओळख पटल्यासारखी होते. पण मधे हजार वर्षांहून मोठा खंड आहे. नातं असेल, पण सांधा सापडलेला नाही. ज्या घरात इतकी मुलं जमिनीखाली होती, त्या घरात देवीला काय मागत असतील, हे समजायला मात्र ग्रंथ लागत नाही.

इ.स.पू. १००० नंतर पाऊस कमी झाला असं थर सांगतात. प्रवरा-गोदावरीकाठची गावं ओस पडली. दायमाबादही त्यांतलंच. इनामगाव घोड नदीच्या आधारानं तगलं, पण कसं? चौकोनी घरांच्या जागी लहान गोल खोपटं आली, सातूचं पीक घटलं, हरणांची शिकार वाढली, भांडी ओबडधोबड झाली. पाच खोल्यांचा वाडाही राहिला नाही. इ.स.पू. ७०० च्या सुमारास शेवटची माणसं निघून गेली. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा संशोधक याच मातीत खणत होते. गाव सोडून निघालेली माणसं त्यांना जमिनीखाली दिसत होती आणि रस्त्यावरही.

टेकाडावर आता शेती आहे. खड्डे बुजवलेले. ढवळीकरांनी उघडलेलं गाव पाहायचं तर येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जायला हवं. आम्ही परतीच्या वाटेवर गेलो, तुम्हीही जा. ज्या गावानं नदीकाठच्या संस्कृतीचा एवढा पुरावा दिला, त्या गावात एखादी खोली, दोन नकाशे आणि त्या देवीची मातीची प्रतिकृती एवढं तरी असावं. दायमाबादच्या काकांना निदान त्यांच्या बैलगाडीचा फोटो मिळावा. जिल्हा परिषदेला हे परवडणार नाही असं कुणी म्हणू नये.

जाणाऱ्यांनी आधी मुंबईतले प्राणी पाहावेत, मग प्रवरा, मग घोड. पावसाळा टाळावा, काळ्या मातीत गाडी रुतते. उभ्या पिकातून वाट काढण्याआधी शेतमालकाला विचारावं. आणि नक्षीचं खापर कितीही सुंदर दिसलं तरी ते पिशवीत टाकू नये. ते जिथं पडलंय तिथंच त्याला अर्थ आहे.